कवितेचं श्रमदान

कवितेनं वाचकाकडून काम करून घ्यावं ही रीत आपल्याकडे जुनी आहे. शाळेत तिनं आमच्याकडून संदर्भासह स्पष्टीकरणं लिहून घेतली, समानार्थी शब्द शोधून घेतले, पाठांतर अडलं तर बाकावर उभंही केलं. पण हे सगळं चाललेलं असताना कविता स्वतः मात्र पानावर निवांत बसलेली असे. हलायचं ते आपण. हल्ली जी कविता निघाली आहे ती हलते, पळते, गळते, विरते. फक्त तिला आधी कुणीतरी ढोसावं लागतं. पडद्यावर एक ओळ येते आणि थांबते. बोट लावलं की दुसरी येते. बोट जरा डावीकडे लागलं की भलतीच येते. बोट लावलंच नाही तर कविता तशीच बसून राहते, आणि आपणही. दोघांपैकी आधी कोण उठतं यावर रसग्रहण अवलंबून. हिला संवादी डिजिटल कविता म्हणतात.

अशा कवितेची गाठ पडायला न्यूयॉर्क, गेला बाजार पुणं तरी बरं पडलं असतं. माझी पडली गुरुकुंज मोझरीत, मोठेबाबांच्या छपरीत, समोर शेंगा सोलायला टाकलेल्या असताना. मोझरी म्हणजे नागपूर-अमरावती महामार्गावरचं, तिवसा तालुक्यातलं गाव. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 साली इथं आश्रम उभारला. इथं माणूस भेटला की 'जय गुरु' म्हणतो, डोक्यावर भगवी टोपी घालतो आणि हातात झाडू दिला तर कारण विचारत नाही. आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, याच मुशीतले. त्यांचं भजनमंडळ आहे. त्यात ते खंजिरी वाजवतात आणि न वाजवणाऱ्यांना रागावतात.

त्यांचा नातू पुण्यात डिझाइन शिकतो. कोजागिरी आणि दिवाळी यांच्या मधल्या दिवसांत, पुण्यतिथी महोत्सवाच्या गर्दीत, तो लॅपटॉप घेऊन आला. त्याला संवादी कवितेवर प्रकल्प करायचा होता आणि त्यासाठी असे वाचक हवे होते ज्यांनी हा प्रकार कधी पाहिलेला नाही. मोझरीत त्याला टंचाई भासली नाही.

पोट्टं मोठ्या तयारीचं. त्यानं सुरुवातच इतिहासापासून केली. 1952 साली इंग्लंडात मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणकाला ख्रिस्टोफर स्ट्रेची नावाच्या माणसानं प्रेमपत्रं लिहायला शिकवलं. विशेषणांची यादी, नामांची यादी, क्रियापदांची यादी. यंत्र मनाला येईल तो शब्द उचलणार, वाक्यात बसवणार आणि शेवटी विद्यापीठाच्या संगणकाची आद्याक्षरं टाकून सही करणार.

मोठेबाबांनी शेंगा सोलणं थांबवलं. "मंग त्या पत्राचं उत्तर आलं का कोनाचं?"

"उत्तर नाही हो आबाजी. ती कुणाला पाठवलीच नव्हती."

"मंग त्याले संवाद काहून म्हनतं बे? हे तं एका अंगाचं झालं."

या कवितांवर पुढे मी बरीच जाड समीक्षा वाचली. तिच्यात हा आक्षेप पुष्कळ पानं घेऊन मांडलेला असतो.

पोट्टं डगमगलं नाही. त्यानं फ्रान्सला मुक्काम हलवला. रेमों क्नो या कवीनं 1961 साली एक पुस्तक काढलं. दहा सुनीतं, प्रत्येकात चौदा ओळी, आणि प्रत्येक ओळ कापून सुटी पट्टी केलेली. कुठल्याही सुनीताची पहिली ओळ घ्या, दुसऱ्याची दुसरी, सातव्याची तिसरी. यमक जुळणारच अशी सोय केलेली. एकूण सुनीतं किती होतील? दहाचा चौदावा घात. आपल्या भाषेत कोटी गुणिले कोटी. रात्रंदिवस न थांबता वाचत बसलं तर सुमारे 19 कोटी वर्षं लागतील, असा हिशेब कवीनं स्वतःच प्रस्तावनेत देऊन ठेवलाय. मराठीत कवी प्रस्तावना दुसऱ्याकडून लिहून घेतो आणि हिशेब प्रकाशकावर सोडतो, त्यामुळे आपल्याकडे असा आकडा कधी बाहेर आला नाही.

"अन् त्यातल्या चांगल्या किती?" मोठेबाबांनी विचारलं.

पोट्ट्यानं हे वहीत लिहून घेतलं. चेहऱ्यावरून वाटलं, प्रकल्पाचा रोख इथंच जरासा वाकला.

मग आली सायकल. 1989 साली जेफ्री शॉ या कलावंतानं एका खोलीत जागच्या जागी खिळवलेली सायकल ठेवली आणि समोर मोठा पडदा. पायडल मारलं की पडद्यावर शहर सरकू लागतं. पण त्यात घरं नाहीत, घरांच्या जागी उंचच उंच अक्षरं. आधी न्यूयॉर्कचं मॅनहॅटन, मग ॲम्स्टरडॅम, मग जर्मनीतलं कार्ल्सरूहे. हँडल वळवाल त्या गल्लीत शिरायचं आणि गल्लीत जे लिहिलेलं असेल ते वाचायचं. डावीकडे वळलात तर वेगळं वाक्य, उजवीकडे वळलात तर वेगळं. कविता म्हणजे तुम्ही निवडलेला रस्ता. मला हे फार आवडलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी दाखवलेल्यापैकी एवढं एकच मला मनापासून आवडलं.

मोठेबाबांना ते ओळखीचं वाटलं, पण उलट्या अंगानं. "आमी सायकलनंच जात होतो ना भजनाले," ते म्हणाले. "कॅरिअरवर पेटी बांधेल, खंजिरी गळ्यात. वरखेड, यावली, कुठी कुठी. रात्री वापस येतांनी रस्ता दिसे नाई तं भजन म्हनतच या लागे. म्हंजे कसं, मांगच्याले समजते का पुढचा कुठी हाये. इथी तुमची सायकल जागची हालत नाई अन् कविता हालते. आमची कविता जागच्या जागी होती, सायकल हालत होती."

कलासमीक्षेच्या परिभाषेत याला काय म्हणतात ते पोट्टं शोधत राहिलं. दुपारी जेवणापर्यंत सापडलं नव्हतं.

पुढची कविता पावसाची. 1999 साली कॅमिल अटरबॅक आणि रोमी आकितुव यांनी केलेली. पडद्यासमोर उभं राहायचं. कॅमेरा तुमची आकृती पडद्यावर टाकतो आणि वरून अक्षरं पडू लागतात. ती तुमच्या खांद्यावर, हातावर येऊन थांबतात. दोन्ही हात पसरून नीट झेललं तर ओळ तयार होते. हलगर्जीपणा केला तर अक्षरं जमिनीवर. एका ओळीसाठी इतका वेळ हात वर धरून उभं राहायचं, तेही कविता आवडेल याची खात्री नसताना, हे मला तरी श्रमदानच वाटलं, आणि तेवढ्यापुरतं ते मोझरीत शोभूनही दिसलं. अडचण एवढीच होती की आमच्याकडे ना तो पडदा ना तो कॅमेरा. पोट्ट्यानं आम्हाला त्या कवितेचा व्हिडिओ दाखवला. म्हणजे परदेशातली माणसं हात पसरून कविता झेलत होती आणि आम्ही शेंगा सोलत त्यांच्याकडे पाहत होतो. संवादी कवितेशी जगातल्या बहुसंख्य लोकांचा संबंध असाच येतो. प्रसाद दुसऱ्यानं खावा आणि चव आपल्याला सांगावी.

त्याहून वाईट म्हणजे पोट्ट्याच्या यादीतल्या कित्येक कविता उघडेचनात. एकेकाळी अशा कविता फ्लॅश नावाच्या साधनात रचायची पद्धत होती. 2020 संपताना कंपनीनं फ्लॅशला मूठमाती दिली आणि जगभरच्या शेकडो कविता एका जानेवारीत करड्या चौकोनात बंद झाल्या. आता काही भली माणसं नवी सॉफ्टवेअरं लिहून त्यातल्या काहींना पुन्हा चालती-बोलती करताहेत. विल्यम गिब्सन या लेखकानं तर 1992 साली फ्लॉपीवर अशी कविता काढली होती की एकदा वाचली की ती स्वतःच स्वतःला कुलूप लावून घेणार. त्यानं निदान सांगून केलं. बाकीच्यांना वाटलं होतं आपण अमर झालो.

मोठेबाबा उठले आणि आतून भजनाची वही घेऊन आले. वहीला तेल लागलेलं, कडा कुरतडलेल्या, एका पानावर कुणाच्यातरी लग्नाच्या आहेराचा हिशेब. त्यांनी ती लॅपटॉपशेजारी ठेवली. बोलले काहीच नाहीत. एरवी एवढा संयम त्यांच्या स्वभावात नाही.

आता जरा मराठीची बाजू घेतो, कारण छपरीत ती घेणारा मीच एकटा होतो. वाचकाला कामाला लावायची कला आपल्याला कुणी परदेशातून शिकवलेली नाही. गोदावरीकाठच्या पार्थपूरच्या सूर्यकवीनं 16व्या शतकात असं संस्कृत काव्य रचलं की सरळ वाचलं तर रामाची कथा आणि उलट वाचलं तर कृष्णाची. मोरोपंतांनी, 1729 ते 1794 एवढ्या आयुष्यात, रामायणं लिहिली ती एकशे आठ. एकात ठरावीक जागची अक्षरं वेचत गेलं की तेरा अक्षरी राममंत्र हाती लागतो. दुसरं निरोष्ठ, त्यात प-फ-ब-भ-म नाहीत, म्हणून म्हणताना ओठाला ओठ लागत नाही. तोंडात खर्रा धरलेल्या माणसालाही हे रामायण सुखानं म्हणता येईल, असं माझं निरीक्षण आहे. पण हे मोझरीत मोठ्यानं बोलायची सोय नाही, इथं व्यसनमुक्ती चालते. आणि गझल घ्या. सुरेश भट आमच्या अमरावतीचे. गझलेतला शेर म्हणताना पहिली ओळ झाली की कवी थांबतो, पुन्हा तीच ओळ म्हणतो. एवढ्या वेळात जाणता श्रोता मनाशी काफिया जुळवून बसलेला असतो. दुसरी ओळ आली की एक तर त्याला आपण जिंकल्याचा आनंद होतो, नाहीतर आपण हरल्याचा त्याहून मोठा आनंद. बोट कुठंच लावावं लागत नाही.

पोट्ट्याला यातलं काहीच अमान्य नव्हतं. पुण्यात शिकायला गेलेली मुलं फारच समजूतदार होऊन परत येतात, भांडणाला रंग चढू देत नाहीत. त्यानं उलट मलाच एक उदाहरण पुरवलं. 2009 साली निक मॉन्टफर्ट या अमेरिकन कवीनं तैवानमधली एक दरी पाहिली आणि छोटासा प्रोग्राम लिहिला. तो चालू केला की त्या दरीवरची कविता पडद्यावरून सरकू लागते आणि सरकतच राहते, तिला शेवटच नाही. मग स्कॉट रेटबर्ग नावाच्या दुसऱ्यानं त्यातले दगड-पाणी काढून टोकियो शहराचे शब्द घातले. मग तिसऱ्यानं तिसरं काही. प्रोग्राम तोच, शब्द ज्याचे त्याचे.

"चाल उचलली म्हन ना सरळ," मोठेबाबा म्हणाले.

इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला. चाल उचलण्यात कमीपणा नाही, ही भजनी माणसाची पक्की समजूत. चाल गावाची असते, शब्द मंडळाचे. त्यांनी पोट्ट्याला तो प्रोग्राम पुन्हा चालू करायला लावला आणि सरकणाऱ्या इंग्रजी ओळींकडे बराच वेळ पाहत, मांडीवर ठेका धरत बसले. ठेका जमला, असंही म्हणाले. कवितेला ध्रुपद नाही, ही तेवढी खोट त्यांनी काढली. ध्रुपद नाही तर बाकीच्यांनी काय करायचं?

हा मुद्दा मला सोडवत नाही. खंजिरीच्या भजनात एक म्हणतो आणि बाकीचे ध्रुपद उचलतात. तुम्ही उचललं नाही तर भजन थांबत नाही, शेजारचा कोपर मारतो. संवादी कवितेत नेमकं उलटं. तुम्ही उचललं नाही तर कविता थांबते आणि कोपर मारायला कुणीच नसतं. शिवाय अर्थ लावायचा म्हटला तर कुणाशी बोलून लावणार? मला आलेली कविता तुम्हाला आलेलीच नाही. मी डावीकडे वळलो, तुम्ही उजवीकडे. 'कवीला काय म्हणायचे आहे?' या प्रश्नावर मराठी शाळा इतकी वर्षं उभी आहे. या कवितांचा पेपर निघाला तर प्रत्येक विद्यार्थ्याला 'तुला कुठली आली होती?' असं आधी विचारावं लागेल, आणि नवनीतवाल्यांनी गाइड काढायचं ठरवलं तर ते 19 कोटी वर्षं छापत बसतील. ग्रामगीतेचे अध्याय 41. सगळ्यांना तेच 41. तिच्यावर परीक्षाही होतात. अर्थावरून भांडायचं तर निदान ओवी तरी एक असते.

दरम्यान पुण्यतिथीचा दिवस उजाडला. 11 ऑक्टोबर 1968 ला महाराज गेले, तिथी आश्विन वद्य पंचमी. दर वर्षी त्या तिथीला, ते गेले त्या वेळेला, दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी, इथं जमलेले लाखो लोक मौन उभे राहतात. भजनं थांबतात, खंजिऱ्या थांबतात. मीही उभा होतो, पोट्टंही होतं. परत येताना ते भारावून सांगू लागलं की अमेरिकेत जॉन केज या संगीतकारानं 1952 साली अशी रचना केली होती ज्यात वादक काहीही वाजवत नाही. श्रोत्यांनी आजूबाजूचे आवाज ऐकायचे, तेच संगीत. तिचं नावच तिच्या वेळेवरून पडलंय, चार मिनिटं तेहेतीस सेकंद.

"चार तेहेतीस?" मोठेबाबांनी विचारलं.

"हो."

"आपलं चार अठ्ठावन्न."

आणि ते समाधानानं पुढे चालू लागले. मिनिटं-सेकंद आणि वाजलेली वेळ यांतला फरक त्यांना समजावण्याचा विचार पोट्ट्याच्या मनात आला असावा. मी त्याला कोपर मारला.

पाहुणे पांगल्यावर पोट्ट्यानं स्वतःची कविता काढली. मराठी, चार ओळींची, खास आजोबांसाठी केलेली. फोनच्या पडद्यावर शब्द दिसणार. बोट लावलं की शब्दाची अक्षरं सुटी होऊन एकेक खाली पडणार आणि पडताना खंजिरीचा आवाज होणार. मोठेबाबांच्या समोर फोन धरला. त्यांनी तर्जनी पुसून 'कविता' या शब्दाला लावली. खंजिरी वाजली आणि अक्षरं सुटली. क पडला. व पडला. त्यानंतर पडली नुसती वेलांटी, आणि तिच्याबरोबर टिंबाटिंबांचं एक वर्तुळ. मग त, आणि मागून काना, त्याच्याही सोबत तसंच वर्तुळ.

पोट्टं ओशाळलं. दोष त्याचा एकट्याचा नव्हता. डोळ्याला वेलांटी 'व'च्या आधी दिसते, पण यंत्राच्या पोटात ती 'व'च्या नंतर, वेगळी अशी साठवलेली असते. 'कविता' हा आपल्याला तीन अक्षरांचा शब्द. यंत्राला तो पाच वस्तूंचा. इंग्रजीसारखी एकेक वस्तू सुटी केली की मात्रा अक्षरावाचून उघडी पडते, आणि उघडी मात्रा दिसली की यंत्र तिथं टिंबांचं वर्तुळ काढतं. त्याचा अर्थ, इथं एक अक्षर असायला हवं होतं. बाहेरच्यांनी बांधलेल्या घरात देवनागरी राहायला गेली की असे प्रसंग येतात. नाही म्हणायला विंडोजवर मराठी ज्या 'मंगल' फाँटमध्ये आपण वर्षानुवर्षं वाचली, तो करणारे र. कृ. जोशी, 1936 ते 2008, सुलेखनकार होते तसे कवीही होते. अक्षराचंच चित्र करून कविता मांडणारे कवी. म्हणजे संगणकावरच्या मराठीला एका कवीचा हात आधीच लागलेला आहे. पण पोट्ट्यानं अक्षरं वेगळी करताना कवीला विचारलं नव्हतं.

तो घाईघाईनं फोन काढून घ्यायला लागला, तर मोठेबाबा सोडेनात. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"हे पाय!" ते ओरडले. "हे खंजिरी काढली तुह्यानं! गोल, अन् भोवताल झांजा!"

आम्ही दोघांनी पाहिलं. टिंबांचं ते वर्तुळ. बारकं, गोल, कडेला सारख्या अंतरावर ठिपके. दुसरं काही असूच शकत नव्हतं. मोठेबाबांनी पुन्हा बोट लावलं, पुन्हा लावलं. काना-मात्रा-वेलांटी जिथं जिथं निराधार होऊन पडत होती तिथं तिथं एक खंजिरी येऊन तिला धरत होती. 'गुरुकुंज' या शब्दाला बोट लावल्यावर तर खंजिऱ्यांची रांगच लागली. त्यांनी शेजारच्या घरून मंडळातल्या दोघांना हाक मारली. ते आले, 'जय गुरु' झालं, आणि चौघांत तो फोन फिरू लागला. एकानं अर्थ लावला की अक्षर गेलं तरी भजन राहते. दुसरा म्हणाला, नाई, अक्षर नाई म्हनूनच खंजिरी लागते. त्यावरून दोघांचं चांगलंच जुंपलं. पोट्टं वहीत भराभरा लिहीत होतं आणि अधूनमधून म्हणत होतं, आबाजी, हा बग आहे, मी दुरुस्त करून देतो.

"दुरुस्त गिरुस्त काही करू नको," मोठेबाबा म्हणाले. "फक्त झांजा वाढव. खंजिरीले एवढ्या बारक्या झांजा नसते."

पोट्ट्यानं समजावलं की ते वर्तुळ त्यानं काढलेलं नाही. जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी मिळून एक संस्था नियम करते, फाँट करणारे त्या नियमांप्रमाणे चिन्हं काढतात, आणि त्यातलंच हे एक. मोझरीतून ते बदलता येत नाही.

मोठेबाबांनी चष्मा काढून खिशात घातला. "मंग त्याहीले चिठ्ठी लिव. अन् मजकूर मले दाखवून पाठव, तुह्यं शुद्धलेखन मी पायलं हाये."